टेबलावरचा दुसरा कागद

आप्पा, परवा मी येरमाळ्याला जाऊन आले. आईला म्हणाले, येडेश्वरीला जाते. तिनं खणानारळाची पिशवी भरून दिली, बसमधे खिडकीशी बस म्हणाली, आणि मी देवीला गेलेही. ओटी भरली, पायऱ्या उतरले. पण धाराशिवहून निघाले होते ती एका माणसाला भेटायला. तुम्ही त्यांना कधी पाहिलं नाही. मी फोनवर त्यांच्याबद्दल सांगायची: आमच्या तेलाच्या विहिरींवर एक आपल्याकडचे काका आहेत, येरमाळ्याचे, भूवैज्ञानिक आहेत, डब्यात जवसाची चटणी आणतात आणि मला माय म्हणून हाक मारतात. तुम्ही म्हणायचात, "मग तुला तिथं घरचं माणूस हाय की." होतं खरं. त्या माणसाच्या घरून मी परवा दुपारी जे ऐकून आले, ते दोन दिवस झाले तरी गिळलं जात नाही. आईला सांगण्यासारखं नाही. नवऱ्याला सांगितलं तर तो माझी समजूत काढेल, आणि मला आत्ता समजूत काढून घ्यायची नाही. तुम्हाला जाऊन सोळा वर्षं झाली. पण या गोष्टीत तुम्ही आहात, म्हणून तुम्हालाच लिहिते.

सुरुवात तुमच्या पेटीपासून करते, कारण माझं सगळं शिक्षण तिच्यापासून सुरू झालं. भूजलाच्या सरकारी ऑफिसात तुम्ही तंत्रज्ञ. जीपच्या मागं ती राखाडी पेटी, तारेची रिळं, चार लोखंडी सळया आणि हातोडा. शेतात एका रेघेत सळया ठोकायच्या, बाहेरच्या दोन सळयांतून जमिनीत वीज सोडायची आणि आतल्या दोन सळयांवर मोजायचं की खालच्या खडकानं तिला किती अडवलं. बाहेरच्या सळया लांब नेत जायचं, तसतसं खोलवरचं कळत जायचं. आकडा उतरला की तुमचा चेहरा खुलायचा, कारण ओला खडक वीज सहज जाऊ देतो आणि कोरडा कातळ अडवतो. गावोगावचे लोक तिला पाणी बघायची पेटी म्हणायचे. तुम्ही दर वेळी सांगायचात की पेटी पाणी बघत नाही, ती फक्त अडथळा मोजते, पाणी आपण समजून घ्यायचं असतं. लोक मान डोलवायचे आणि परत विचारायचे, "मग पेटी काय म्हनतीया?"

भूकंपानंतरचा दुसरा उन्हाळा. मी बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाची परीक्षा देऊन घरी बसलेय, आणि तुम्हाला सास्तूरला पाठवलंय, तुमच्याच गावाला. नवी वसाहत बांधायची तिथं बोअरसाठी जागा बघायच्या आहेत. लिहून घेणारा माणूस रजेवर, म्हणून तुम्ही मला सोबत नेता. आत्या अजून पत्र्याच्या शेडमधे राहतेय, दुपारी ती शेड तव्यासारखी तापते, आणि टँकर आला की बाया घागरी घेऊन पळतात. तुम्ही पेटीशी बसून आकडा सांगता, मी वहीत लिहिते. एक आकडा आजूबाजूच्या आकड्यांपेक्षा फारच खाली येतो. मला कॉलेजात नुकतंच शिकवलंय की आलेख सरळ वळणानं जायला हवा. मी तुम्हाला न विचारता त्या जागी मधला एक आकडा लिहून टाकते.

संध्याकाळी आत्याच्या शेडमधे चुलीपुढं बसून तुम्ही आलेख काढला. पेन्सिल थांबली. "ह्यो आकडा मी सांगितला व्हता का?" मी म्हणाले, "तो बसत नव्हता, आप्पा." तुम्ही वर पाहिलंत. "बसत नव्हता म्हणून तू बसवलास?" एवढंच. आत्या भाकरी थापत होती, तिचा हात थबकला. तुम्ही आवाज चढवला नाहीत, पण वही मिटून बाजूला ठेवून दिलीत. दुसऱ्या दिवशी पुन्हा सळया ठोकल्या, पुन्हा तोच वेडावाकडा आकडा आला. मग तुम्ही सगळी तार हातातून फिरवत गेलात, आणि एका जागी वरचं प्लास्टिक उंदरानं कुरतडलेलं सापडलं. वीज तिथूनच जमिनीत गळत होती. म्हणजे तो आकडा चुकीचाच होता, माझं बरोबर होतं. मी तसं म्हणालेही. तुम्ही तारेला चिकटपट्टी गुंडाळत म्हणालात, "आकडा चूकच व्हता. पण कशानं चुकला ते आज कळलं. तुझा आकडा ठिवला असता तर ही तार तशीच पुढच्या गावाला गेली असती." लोकांना पाणी दाखवायला आलेल्या माणसाच्या मुलीनं काय करून ठेवलं होतं, ते मला तेव्हा कळलं. किंवा कळलं असं वाटलं.

पुढं मला तेलाच्या कंपनीत नोकरी लागली आणि मी गुजरातेत गेले, ते सगळं तुम्हाला माहीत आहे. पहिल्या दिवाळीला घरी आले तेव्हा स्वयंपाकघरात आई करंज्या भरत होती, तुम्ही पाटावर बसून सारण चाखत होता, आणि मी तुम्हाला माझं काम समजावत होते. जमीन कित्येक शे मीटर खोल छेदली की त्या भोकात तारेनं यंत्र सोडतात, ते वर ओढताना खडकाचं एकेक मोजमाप कागदावर रेघेसारखं उमटत जातं, त्याला लॉग म्हणतात. एक रेघ सांगते वाळूचा खडक आहे की चिकणमातीचा. दुसरी सांगते खडकात पोकळी किती. तिसरी तुमची, खडक विजेला किती अडवतो ती. खालचं पाणी खारट असतं, त्यातून वीज धावते; तेलातून ती जात नाही. वाळू असेल, पोकळी असेल आणि अडथळा मोठा असेल, तर तेल. तुम्ही हसलात. "म्हंजे आमी लहान आकडा हुडकायचा आन तू मोठा." मग सारणाचा हात तसाच धरून तुम्ही विचारलंत, "आन वाळूत चिकनमाती मिसळलेली असली तर? चिकनमातीतनं तर वीज जाती. मग तेल असूनबी आकडा लहानच यील की."

मला अजून आठवतंय, मी किती झोकात उत्तर दिलं. म्हणाले, "त्याला वेगळं सूत्र आहे आप्पा, चिकणमातीचा हिशेब वजा करायचा." आई म्हणाली, "करंज्या वजा व्हायल्यात इकडं," आणि आपण हसलो. तुमचं शिक्षण जुन्या मॅट्रिकपर्यंतचं. जो प्रश्न माझ्या बरोबरच्या अर्ध्या लोकांना सुचत नाही तो तुम्ही पाटावर बसून विचारला होतात. आणि मला उत्तर माहीत होतं. हे मी मुद्दाम लिहिते आहे, आप्पा, की मला उत्तर माहीत होतं.

आता ती विहीर. तुम्ही सोलापूरच्या दवाखान्यात होता त्या आठवड्यातली. छातीत दुखून तुम्हाला भरती केलं होतं, आईचा रोज फोन यायचा की बरे आहेत, डॉक्टर बघतायत, तू घाबरू नको. इकडं नव्या जागेवर विहीर खोदून झाली होती आणि तिच्यात लॉग घ्यायला मला पाठवलं होतं. काका तिथं आधीपासून होते. विहीर खोदताना चिखलाबरोबर खडकाचा चुरा वर येतो, तो धुऊन, भिंगाखाली बघून नोंद ठेवायची हे त्यांचं काम. लॉगच्या वेळी मी एका ठिकाणी खोली दीड मीटरनं चुकीची धरली. काकांनी सगळ्या क्रूसमोर सांगितलं, "माय, खोली सरकलीय बघ तुझी." त्यांनी काही टोचून म्हटलं नव्हतं. पण तिथं यंत्रवाल्या कंपनीची पोरं उभी होती, ती एकमेकांकडं बघून हसली. मी पस्तिशीला आलेली, एवढ्या वर्षांची नोकरी झालेली. तो राग मी कुणाला दाखवला नाही, पण तो माझ्याबरोबर जीपमधून ऑफिसपर्यंत आला.

त्या विहिरीत तळाजवळ वाळूची एक पट्टी होती, आठ-नऊ मीटरची. पोकळी चांगली. पण अडथळ्याची रेघ जेमतेम उठलेली, तिच्या खालच्या खाऱ्या पाण्याच्या वाळूपेक्षा थोडीच वर. मी साध्या सूत्रानं हिशेब केला: पोकळीत सत्तर टक्के पाणी. म्हणजे विहीर वाया. काकांचं म्हणणं वेगळं. त्या पट्टीचा चुरा त्यांनी तेल चमकवणाऱ्या जांभळ्या दिव्याखाली धरला तेव्हा तो पिवळा चमकला होता, आणि त्याला तेलाचा वास होता. त्यांचा एकच आग्रह, तिथं चाचणी घ्या, एकदा पट्टी उघडून बघा काय येतंय. चाचणी म्हणजे रिग, विहीर खोदायचं ते सगळं यंत्र, आणखी आठवडाभर अडकणार. वरिष्ठांना हो किंवा नाही हवं होतं, त्याच दिवशी चार वाजता.

दुपारी मी चिकणमातीचा हिशेब धरून पुन्हा गणित केलं. त्या वाळूत चिकणमाती होती, पहिल्या रेघेवर स्पष्ट दिसत होती. दुसऱ्या हिशेबात पाणी निम्म्याच्या खाली आलं. म्हणजे उरलेल्या पोकळीत तेल असू शकत होतं. दोन्ही कागद टेबलावर शेजारी शेजारी होते. मधे मी दवाखान्यात फोन लावायला खाली गेले, तेव्हा मोबाइलला वर रेंज नसायची. आईनं सांगितलं, "रात्रीपासनं जरा जास्त हाय. जमलं तर ये." मी वर आले, साहेबांना सांगितलं की मला आज निघायला हवं. ते म्हणाले, जरूर जा, फक्त त्या विहिरीचं मत देऊन जा.

चारच्या मीटिंगला मी एकच कागद नेला. सत्तर टक्केवाला. काकांनी खिशातून चुऱ्याची कागदी पुडी काढून टेबलावर ठेवली आणि म्हणाले, साहेब, एकदा वास घेऊन बघा. मी म्हणाले, "खोदताना चिखलात आपणच डिझेल घालतो, काका. वास येणारच." कुणीतरी हसलं. साहेब म्हणाले, काकांना आता घरी जेवतानाही तेलाचा वास येत असेल. सगळेच हसले. काका माझ्याकडं बघत होते. खूप वेळ बघत होते. मला वाटलं, अपमान झाला म्हणून बघतायत. मग त्यांनी पुडी उचलून परत खिशात ठेवली. मी सही केली: पट्टीत पाणी, चाचणीची गरज नाही.

तुमच्याजवळ मी दुसऱ्या दिवशी दुपारी पोचले. तुमच्या नाकात नळी होती, हात गार पडला होता. तुम्ही डोळे उघडलेत आणि विचारलंत, "काम टाकून आलीस का?" मी म्हणाले, "न्हाय आप्पा, पुरं करून आले." तुम्ही म्हणालात, "मग बरं." त्यानंतर तुम्ही आईशी बोललात, पाणी मागितलंत, खिडकीचा पडदा सरकवायला सांगितलंत. माझ्याशी झालेलं शेवटचं बोलणं तेवढंच. तिसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही गेलात.

मी परत कामावर गेले तेव्हा विहिरीत सिमेंट भरून झालं होतं. वर लोखंडी झाकण जोडून त्यावर नंबर कोरला होता. काकांनी विरोधाची नोंद लेखी दिली होती, ती साहेबांना झोंबली. दोन महिन्यांत काकांची बदली नमुन्यांच्या गोदामात झाली, जिथं जुन्या विहिरींच्या खडकाचे लांबट तुकडे पेट्यांत रचून ठेवतात. सेवेची उरलेली चार वर्षं त्यांनी तिथं पेट्यांवर नंबर टाकत काढली. मी जायची कधी कधी. ते चहा मागवायचे, तुमच्या आठवणी विचारायचे, आई कशी आहे विचारायचे. त्या विहिरीबद्दल त्यांनी कधी अवाक्षर काढलं नाही. मला वाटायचं, मोठ्या मनाचा माणूस आहे, विसरला असेल. निवृत्त होऊन ते येरमाळ्याला आले आणि मग फक्त दिवाळीचे फोन राहिले. माझी मात्र पदोन्नती होत गेली.

दोन महिन्यांपूर्वी आमच्याकडच्या एका तरुण मुलीनं त्याच भागात, जुन्या विहिरीपासून अर्ध्या किलोमीटरवर, नवी विहीर सुचवली. तीच वाळू. तिनं चिकणमातीचा हिशेब धरला, चाचणीचा आग्रह धरला, आणि तेल आलं. हिरवट काळं, मेणचट, दाट तेल. ऑफिसात पेढे वाटले. मी खाल्ला. नंतर ती मुलगी जुनी फाइल घेऊन माझ्या खोलीत आली आणि अगदी आदबीनं म्हणाली, मॅडम, तेव्हा हा दुसरा हिशेब केला नव्हता का? मी म्हणाले, तेव्हा आपल्याकडं तशी पद्धत रुळलेली नव्हती. ती हो म्हणाली आणि गेली. ते सूत्र माझ्या कॉलेजच्या पुस्तकात होतं, आप्पा. तिच्याही असणार. तिनं मला खोटं बोलताना पाहिलं आणि माझी लाज राखली. त्या आठवड्यात मी रजा टाकली.

काकांचं घर हमरस्त्यावरच्या टायरच्या दुकानामागं आहे. पुढं पत्रा टाकलेलं अंगण. ते बाजेवर बसून सुपात हरभरा निवडत होते. मोतीबिंदू काढलाय, पण दाणे बोटांनीच चाचपतात. मला बघून उठायला लागले, मी पाया पडले. काकूंनी पाणी आणलं. तेलाची बातमी त्यांना आधीच कळली होती, जुन्या कुणी मित्रानं फोन केला होता. "लई गोड बातमी हाय," म्हणाले. मग लहान मुलासारखे पुढं झुकून विचारलं, "त्या नव्या इहिरीच्या चुऱ्याचा वास कसा व्हता गं?" मी विहिरीवर गेलेच नव्हते. म्हणाले, "तसाच होता काका, तुम्ही म्हणाला होतात तसा." ते सुपाकडं बघत हसले.

मी ठरवून गेले होते, म्हणून बोलून टाकलं. "काका, त्या दिवशी मी आणखी एक हिशेब केला होता. त्यात तेल दिसत होतं. मी तो दाखवला नाही."

"मला म्हाईत हाय," काका म्हणाले.

मला वाटलं त्यांनी नीट ऐकलं नाही. मी पुन्हा सांगायला लागले, तर त्यांनी हात वर केला. "माय, तीन वाजता मी आलतो तुझ्या टेबलापाशी. तू फोनला गेलतीस खाली. दोनी कागद पुढ्यातच व्हते. वाचले मी. मनात म्हनलं, चला, पोरीनं बराबर काढलंय, आता चारला दाखवील." त्यांनी एक खडा वेचून बाजूला टाकला. "मीटिंगीत वाट बघितली तुझी. तू काढला न्हाईस."

"मग तुम्ही का नाही बोललात?"

"कसं बोलावं? सकाळधरनं तीनदा दवाखान्यात फोन केलतास तू. मला वाटलं, हिचं ध्यान न्हाय ठिकान्यावर, कागद इसरली आसंल. मी बोललो आसतो तर सायबानं तुला बसवून घेतलं आसतं. पुन्हा हिशेब, पुन्हा मीटिंग, दोन दिवस. आन तेवढ्यात तिकडं तुझा बाप गेला आसता तर? तेल काय, कुठं पळून जातंय." त्यांनी सूप हलवलं. "नंतर लिवलं की मी, विरोध म्हनून. तुझं नाव न घालता लिवलं. म्हनलं बघतील. न्हाई बघितलं."

काकू उंबऱ्यात उभ्या होत्या. आम्हा दोघांनाही कळलं नव्हतं त्या कधीच्या उभ्या आहेत. त्या काकांना म्हणाल्या, "चार वर्सं गोदामात बसवलं तुमाला. त्या पेट्यांची धूळ खाऊन दमा झाला. एवढं व्हतं आन मला एका शब्दानं सांगितलं न्हाई?" काका म्हणाले, "तुला सांगून काय झालं आसतं." काकू म्हणाल्या, "मी कुनाला शिव्या द्यायच्या ते तरी कळलं आसतं. सोळा वर्सं मी त्या सायबाला दिल्या." आणि आत गेल्या. आतून भांड्यांचा आवाज आला, मग तोही थांबला. काका हळूच म्हणाले, "तिचं मनावर घिऊ नको." माझ्या तोंडून साधं चुकलं एवढंही निघालं नाही. निघताना काकू करंडा घेऊन बाहेर आल्या, रीत म्हणून मला कुंकू लावलं. बोट कपाळावर टेकवताना त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही. बसमधे बसल्यावर माझ्या लक्षात आलं की आईनं दिलेल्यांतला एक खण मी काकूंसाठी म्हणून वेगळा ठेवला होता, तो माझ्या पिशवीतच राहिलाय.

काकांनी माझ्यासाठी एक कारण शोधलं होतं आणि सोळा वर्षं ते सांभाळलं होतं. बाप आजारी, पोर घाबरलेली, कागद विसरली. त्यांच्यासमोर बसून मी ते मोडू शकले नाही. इथं मोडते. माझी गाडी रात्री साडेनऊची होती, आप्पा. चार वाजता मी सही केली, सव्वाचारला मोकळी झाले. मी खोलीवर गेले, अर्ध्या तासात बॅग भरली, मेसमधे जेवले, आणि नंतर घड्याळाकडं बघत बसून राहिले. साडेचार-पाच तास होते. दुसरा कागद साहेबांच्या टेबलावर ठेवायला पाच मिनिटं पुरली असती, आणि त्या पाच मिनिटांसाठी त्यांनी मला अडवलंही नसतं, ते काकांना वाटत होतं तितके वाईट नव्हते. मी कागद विसरले नव्हते. मीटिंगला जाताना मी तो उचलला होता आणि टेबलाच्या खणात ठेवला होता. कारण दुसरा हिशेब बरोबर निघणं म्हणजे काकांचा वास बरोबर निघणं. तीन दिवसांपूर्वी ज्यांनी मला लोकांदेखत खोली चुकली म्हणून सांगितलं, त्यांचंच म्हणणं मी आकड्यांनी सिद्ध करून द्यायचं, हे मला नको होतं. एवढं क्षुल्लक होतं ते. तुम्ही आजारी होता हे खरं, मी घाबरले होते हेही खरं. पण त्या कागदाशी त्याचा काही संबंध नव्हता. तुम्ही ठणठणीत असता तरी मी तेच केलं असतं, असं मला आता वाटतं. आणि सोळा वर्षं मला कुणी विचारलं असतं तर सांगायला माझ्याकडं तुम्ही होता, नाकात नळी घातलेले. कुणी विचारलं नाही, पण मी स्वतःला कितीदा तरी सांगितलं.

आज सकाळी मी ऑफिसला मेल पाठवला. लिहिलं की जुन्या विहिरीच्या वेळी दुसरा हिशेब झाला होता, त्यात तेल दिसत होतं, तो मी सादर केला नाही. विहिरीवरच्या भूवैज्ञानिकांची विरोधाची नोंद बरोबर होती, तसं फाइलला लागावं. आईच्या स्वयंपाकघरात बसून लिहिलं, ती शेंगा सोलत होती. दुपारी आताच्या साहेबांचा फोन आला. ते माझ्यापेक्षा लहान आहेत. म्हणाले, मॅडम, एवढं मनावर कशाला घेता, जुनी गोष्ट आहे, त्या वेळचे कुणी राहिलेलेही नाहीत, लावून टाकू फाइलला. दोन मिनिटांत फोन संपला. मला रागवून घ्यायचं होतं, आणि रागवायला तिथं कुणी उरलं नाही. काकांना या मेलचा काही उपयोग नाही. काकूंना तर नाहीच. उद्या पुन्हा येरमाळ्याला जायचं असं मी ठरवते आहे आणि संध्याकाळपर्यंत ते परवावर जाईल हेही मला दिसतंय.

हे मी कुठं पाठवणार नाही. पाठवायला पत्ता तरी कुठला. पण बंद करण्याआधी एक सांगायचं राहिलंय, ते न सांगता उठले तर एवढं लिहिलेलं सगळं फुकट. आज सकाळच्या त्या मेलमधे, हिशेब का सादर केला नाही त्याचं कारण एका ओळीत द्यावं लागलं. मी लिहिलं, वडील अत्यवस्थ असल्यामुळं. वाचून पाहिलं, खोडावं असं वाटलं, आणि तसंच पाठवलं.